कचरा आलाय, दुसरं काय!

बापूंना 'गाडी कशी आहे?' असं कुणी विचारलं की आमच्या मंडळातली जुनी माणसं हातातली बशी घेऊन हळूच दुसऱ्या खोलीत सरकतात. विचारणारा हमखास नवीन असतो. हिंजवडीहून नुकताच बर्मिंगहॅमला आलेला, मोठ्या माणसांशी चार शब्द आपणहून बोलावेत असं वळण लागलेला. त्याला वाटतं, 'छान आहे' असं उत्तर येईल आणि आपण गुलाबजामांकडे वळू. बापू चमचा खाली ठेवतात, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतात आणि विचारतात, "कधीची विचारतोयस? थंड असतानाची का तापल्यावरची?"

गुलाबजाम संपले तरी तो मुलगा तिथेच उभा असतो.

बापूंची गाडी 1969 सालची एमजीबी आहे. गडद हिरवी, दोनच माणसांची, छप्पर मागे ओढता येणारी, तारांच्या चाकांची, आणि टाकीच्या तोंडाला चकचकीत कुलूपवालं झाकण. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला 1962 ते 1980 पर्यंत या गाड्या बनल्या आणि पाच लाखांवर बनल्या. तेव्हा काचेच्या पेटीत ठेवावी इतकी ती काही दुर्मीळ नाही. तिचा बहुतेक प्रत्येक भाग आजही नवा मिळतो, अगदी अख्खा सांगाडासुद्धा. वहिनींच्या मते सगळा घोळ इथेच आहे. भाग मिळाले नसते तर बापू कुठेतरी थांबले असते.

"इथल्या सरकारनं बघ," बापू सांगतात, "चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्त्याचा कर माफ केलाय. वर्षाच्या तपासणीचीही सक्ती नाही. विश्वास आहे सरकारचा."

"सरकार कधी तुमच्या शेजारी बसलेलं नाही," वहिनी म्हणतात.

वहिनी बसलेल्या आहेत. म्हणून त्या गाडीतून निघताना चालायचे बूट घालतात आणि पर्समध्ये ज्येष्ठ नागरिकांचा फुकटचा बसपास आहे ना, हे दोनदा बघतात.

गाडी पळवायची हौस असणारी माणसं असतात, गाडी पुसायची हौस असणारी तर गल्लोगल्ली असतात. बापूंना हौस आहे बिघाडाची. त्यातही कुठल्याही नव्हे. ब्रेक नीट लागत नाहीत, क्लच घसरतो, गिअर अडकतो, असल्या तक्रारींत त्यांना काडीचा रस नाही. ती कामं ते नाक मुरडून गॅरेजला देऊन टाकतात. पण टाकीतून निघालेलं पेट्रोल इंजिनपर्यंत का पोचलं नाही, पोचलं तर वेळेवर का पोचलं नाही, आणि वेळेवर पोचलं असेल तर एवढं का पोचलं, या प्रश्नांना त्यांनी निवृत्तीनंतरचं आयुष्य वाहिलेलं आहे.

याचं मूळ कराडात आहे. बापूंचे मामा कोयना प्रकल्पावर साहेबांची अ‍ॅम्बेसेडर चालवायचे. शाळेला सुट्टी लागली की बापू मामांच्या मागे लागायचे, आणि साहेब नसतील त्या दिवशी पुढच्या सीटवर बसून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाऊन यायचे. परतीच्या चढाला गाडी गचके खायला लागायची. मामा ती कडेला घ्यायचे, बोनेट उघडायचे, दोन्ही हात कमरेवर ठेवून आत बघायचे आणि निकाल द्यायचे, "कचरा आलाय, दुसरं काय!" मग झऱ्याच्या पाण्यात फडकं भिजवून ते पेट्रोलच्या नळीवर गुंडाळायचे, एक विडी ओढायचे, आणि विडी संपेपर्यंत गाडी चालू व्हायची. कचरा आणि ओलं फडकं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे बापूंना पुढे इंजिनिअर झाल्यावर कळलं. उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ पंपाला ओढता येत नाही, फडक्यानं नळी गार होते. पण तोवर श्रद्धा बसलेली होती. आजही बाहेर बारा अंश तापमान आणि रिमझिम पाऊस असताना बापू बर्मिंगहॅमच्या रिंग रोडवर गाडी कडेला घेतात आणि वहिनींकडे न बघता हात पुढे करतात. वहिनी पर्समधून फडकं काढून देतात. पावसानं ते आधीच ओलं झालेलं असतं.

एमजीबी त्यांनी घेतली तीही या घाटापायी. 1959 पासून अ‍ॅम्बेसेडरमध्ये जे 1489 सीसीचं इंजिन आलं ते इंग्लंडच्या बीएमसीचं, 'बी सिरीज' घराण्यातलं. एमजीबीतलं 1798 सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. गाडी विकणाऱ्या गोऱ्या गृहस्थांनी बोनेट उघडलं तेव्हा बापूंनी किंमत विचारली नाही, किती चाललीय विचारलं नाही. "हे तर आमच्या मामांचं इंजिन!" म्हणाले. असं म्हटल्यावर कुणी किंमत कमी करतं का?

फरक एवढाच की या इंजिनाला कार्बोरेटर दोन. दोन्ही एसयू. या एसयूचा इतिहास बापू ज्या भक्तीनं सांगतात त्या भक्तीनं आमच्या मंडळात कुणी सत्यनारायणाची कथाही सांगत नाही. लंडनकडच्या स्किनर बंधूंचं घराणं चपला-बुटांच्या धंद्यातलं. थोरल्यानं 1905 च्या सुमाराला नव्या तऱ्हेच्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. त्यात हवेच्या ओढीनं हलणारा भाग म्हणून सुरुवातीला चामड्याचा भाता होता, चामडं घरचंच. पुढे भात्याच्या जागी पिस्टन आला, 1926 मध्ये मॉरिसनी कंपनी विकत घेतली, आणि हा कार्बोरेटर बर्मिंगहॅममध्येच बनू लागला. "माझ्या घरापासून बसनं जाता येईल एवढ्या अंतरावर," बापू म्हणतात. स्वतःच्या गाडीनं जाता येईल असं ते म्हणत नाहीत.

यंत्र खरोखर साधं आहे. इंजिन हवा ओढतं तसा पिस्टन वर उचलला जातो, पिस्टनला लटकलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते, आणि हवा जेवढी तेवढं पेट्रोल सुटतं. पिस्टननं उगाच उड्या मारू नयेत म्हणून डोक्यावरच्या नळीत थोडं पातळ तेल. शेजारी छोटी पेट्रोलची कुंडी, तिच्यात तरंगता फ्लोट. कुंडी भरली की फ्लोट वर येऊन तोंड बंद करतो. बस्स. यात बिघडायला आहेच काय? हा प्रश्न तुम्ही मनात विचाराल. बापूंच्या समोर विचारू नका. ते बोटं मोडून सांगतात, आणि बोटं पुरत नाहीत म्हणून तुमची घेतात.

मला एका रविवारी त्यांनी दोन कार्बोरेटर एका लयीत आणायला बोलावलं होतं. काम असं: हवेच्या दोन्ही गाळण्या काढायच्या, इंजिन संथ चालू ठेवायचं, रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं टोक आधी पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि मग मागच्या. दोन्हीकडून येणारा सुस्कारा सारखा हवा. बापू डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते. स्क्रू केसभर फिरवला. पुन्हा ऐकलं. पुन्हा केसभर. मग नळी माझ्या कानात घातली.

"काय ऐकू येतंय?"

"सूंऽऽ."

"आणि इकडे?"

"सूंऽऽ."

"सारखं आहे?"

"हो."

"नाही," बापू म्हणाले आणि नळी काढून घेतली. "मागचा जरा रडतोय."

त्यानंतर मिश्रण तपासायचं. कार्बोरेटरच्या पोटाशी एक बारीक खिळा असतो, तो वर दाबला की आतला पिस्टन जरासा, मिलिमीटरभरही नाही इतका, उचलला जातो. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त होतंय. इंजिन बसायला लागलं तर कमी पडतंय. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. बापूंनी खिळा दाबला. वेग क्षणभर वाढला आणि जागेवर आला. मला वाटलं, झालं. बापूंचा चेहरा उतरला. त्यांनी तोच खिळा तीनतीनदा दाबून पाहिला, आणि शेवटी प्लग काढला. प्लगचं टोक छान चहाच्या रंगाचं. काळं असतं तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असतं तर कमी. चहाचा रंग म्हणजे प्रकृती उत्तम. "आज बरोबर दाखवतंय," बापू प्लगकडे बघत म्हणाले. "उद्या बघू."

पुढे एका वसंतात मात्र खराच बिघाड आला. बापूंची चैत्रपालवी.

गाडी झकास सुरू व्हायची. आठ-दहा मैल वाऱ्यासारखी जायची. मग गचके, मग दम लागल्यासारखी ओढायची बंद, मग बंदच. पंधरा-वीस मिनिटं कडेला उभी राहिली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. बापूंनी गाडीची वही काढली. पंचांग लिहावं तशी तिच्यात प्रत्येक फेरी लिहिली जायची: तारीख, हवा, तापमान, टाकीत पेट्रोल किती, कुठल्या पंपावर भरलं, किती मैलांवर बंद पडली, बंद पडताना वहिनी काय म्हणाल्या. शेवटचा रकाना का, असं मी विचारलं. "लक्षणांची नोंद पूर्ण पाहिजे," बापू म्हणाले.

या खटल्यात दुसरे एक तज्ज्ञ होते. बापूंच्या भिंतीला भिंत लागून एक निवृत्त इंग्रज गृहस्थ राहतात. त्यांचं आयुष्य मोटारींच्या कारखान्यात वायरिंगच्या खात्यात गेलं. बापू पाठीमागे त्यांना वायरमन म्हणतात. या जुन्या गाड्यांच्या दुनियेत एक म्हण फिरत असते, कार्बोरेटरचे शंभरातले नव्वद बिघाड विजेचे असतात. वायरमनना ती धर्मवचनासारखी पाठ. आणि त्यात तथ्य आहे हेही कबूल करायला हवं: डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर तापला की दगा देतो, गाडी गचके खात बंद पडते, गार झाला की पुन्हा सुरू; आणि धनी बिचारा कार्बोरेटर खोलून बसलेला असतो. बापूंनी बोनेट उघडलं की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "सुप्रभात, बापू. ठिणगी पाहिलीस का?" इंग्रज माणूस यापेक्षा जास्त अपमान करत नाही.

बापूंनी कंडेन्सर बदलला. वायरमनचं तोंड बंद करण्यासाठी. गाडी दहाव्या मैलावर बंद पडली आणि बापू विजयी मुद्रेनं पायी घरी आले.

मग त्यांनी आपलं शास्त्र सुरू केलं. या इंजिनात कार्बोरेटर आणि धुराड्याचा तापलेला फाटा एकाच बाजूला, एकावर एक आहेत, मध्ये फक्त पत्र्याचा आडोसा. तेव्हा आरोपी पहिला, उष्णता. नवा पत्रा आला, त्यावर नवं अस्तर आलं. गाडी दहाव्या मैलावर बंद पडली. आरोपी दुसरा, फ्लोट. फ्लोटला बारीक चीर असेल तर आत पेट्रोल शिरून तो बुडतो, आणि ते तपासायचं तर फ्लोट गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघतात. वहिनी आमटीला फोडणी द्यायला पातेलं शोधत होत्या. ते फ्लोटसकट मागच्या पायरीवर सापडलं. बुडबुडे नव्हते. आमटीही नव्हती. आरोपी तिसरा, पेट्रोल. सप्टेंबर 2021 पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, आतून फुगतात, कुजतात, त्यांचे तुकडे पुढे जाऊन जेटमध्ये बसतात. हे खोटं नाही. बापूंनी सगळ्या नळ्या नव्या घातल्या आणि महागातलं कमी इथेनॉलवालं पेट्रोल सुरू केलं. कराडच्या भाच्यानं फोनवर "मामा, आमच्याकडे तर आता वीस टक्के" म्हणून सांगितलं तेव्हा बापूंना भारताबद्दल जी ओढ वाटली ती पूर्वी कधी वाटली नव्हती. "तिकडे काय बिघाड असतील!" असं म्हणून ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

आरोपी चौथा, पंप. एमजीबीचा पंप विजेवरचा, मागच्या उजव्या चाकापाशी, गाडीच्या पोटाखाली. किल्ली फिरवली की टकटक टकटक आवाज करतो आणि कुंड्या भरल्या की गप्प बसतो. त्याच्या आतले पॉइंट जळून चिकटले तर आवाज थांबतो. मग मालकानं चाकामागे हात घालून त्याला एक टोला द्यायचा, की तो लागतो कामाला. तारांच्या चाकांची मधली नट सैल करायला गाडीबरोबर तांब्याच्या तोंडाची हातोडी येते. ती चाकासाठी कमी आणि पंपासाठी जास्त वापरली जाते असं जाणकार सांगतात. तर बापूंच्या लक्षात आलं की गाडी बंद पडण्याआधी पंपाची टकटक मंदावते. थकल्यासारखी. टक... टक... ट... सापडला चोर! त्यांनी पुढची नळी सोडवून एका बरणीत धरली आणि घरासमोर पंप चालवून पाहिला. मिनिटाभरात अर्धा लिटरच्या घरात पेट्रोल. ठणठणीत. तरी पंप बदलला. नवा पंपही दहाव्या मैलावर तसाच थकला.

या सगळ्या काळात बापू कधी नव्हे एवढे टवटवीत दिसत होते. सकाळी सहाला उठत होते. बायकोशी गोड बोलत होते. डॉक्टरनी रक्तदाब छान म्हणून सांगितलं. मंडळात कुणी या खटाटोपाला वैतागून म्हणालं की बापू, विका ना ती गाडी, तर ते मिस शिलिंगांची गोष्ट काढायचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांना रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं आणि त्याला कार्बोरेटर एसयूचा. विमानानं नाक एकदम खाली घातलं की कुंडीतलं पेट्रोल उडून छताला लागायचं आणि इंजिन क्षणभर उपाशी. लगेच मागून लोंढा यायचा आणि इंजिन गुदमरायचं. जर्मन विमानांत पेट्रोल इंजेक्शननं जायचं, त्यांना ही अडचण नव्हती. ते सरळ सूर मारून निसटायचे. तेव्हा फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्रातल्या बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी एक चकती काढली. मधोमध बेताचं भोक असलेली साधी पितळी चकती, इंजिनाला लागेल तेवढंच पेट्रोल जाऊ देणारी. 1941 च्या वसंतात त्या स्वतः विमानतळांवर फिरून त्या बसवत होत्या. बाई मोटारसायकलच्या शर्यतीही मारत, ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांपुढे गेलेल्या.

"एक भोक!" बापू तर्जनी वर करून म्हणायचे. "एका भोकावर लढाई फिरते गड्या. पेट्रोलचा बिघाड म्हणजे काय चेष्टा वाटली?"

कळस झाला तो गणेशोत्सवात. मंडळाची पेणहून आलेली शाडूची मूर्ती स्थापनेच्या दिवसापर्यंत बापूंच्या घरी असते, आणि ती हॉलवर न्यायचा मान बापूंचा. कुणीतरी मोठी गाडी देऊ केली. बापूंनी ती नाकारली. छप्पर मागे टाकलं, शेजारच्या सीटवर पाट, पाटावर बाप्पा, बाप्पांना सीटबेल्ट. बाप्पा बसणार म्हणून आदल्या संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून आणलेली. मागे आमच्या पाच-सहा गाड्या, त्यांत ढोल, लेझीम आणि मोदक.

त्या दिवशी दहा मैलांचीही वाट बघावी लागली नाही. तिसऱ्याच मैलावर, एका मोठ्या चौकाच्या तोंडाशी, बाप्पा थांबले.

बापू उतरले, बोनेट उघडलं, दोन्ही हात कमरेवर. मागे वाहनांची रांग. इथले लोक सहसा हॉर्न वाजवत नाहीत, पण तेही वाजवायला लागले. मग पुढे येऊन बघितलं आणि फोटो काढायला लागले. आमच्यातल्या उत्साही पोरांनी थांबलोच आहोत तर म्हणून ढोल काढले. एका लहान इंग्रज मुलीनं आईला विचारलं की हत्तीला ड्रायव्हिंग येतं का. बापूंनी हात पुढे केला. वहिनींनी फडकं दिलं, आणि मोदकांचा डबा उघडून रांगेतल्या पहिल्या चार गाड्यांना वाटला. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. "बाप्पांची कृपा," असं सगळे म्हणाले. बापू मात्र वहीत लिहीत होते: टाकी भरली की आजार बळावतो. ही नोंद त्यांनी पूर्वीही केलेली होती आणि तिचा अर्थही लावलेला होता. ताजं पेट्रोल गाडीला मानवत नाही.

उलगडा झाला तो वायरमनकडून, आणि तोही वायरमननी काही वेगळंच शोधताना. पुढच्या शनिवारी बापू घरापासून मैलभरावर बंद पडले, कशीबशी गाडी दारात आणून उभी केली आणि आत चहाला गेले. वायरमन दबा धरून बसल्यासारखे आले. त्यांना पेट्रोलच्या काट्यावर संशय होता. काटा थरथरतो, म्हणजे टाकीकडची अर्थिंगची वायर सैल, आणि एक वायर सैल तर बाकीच्यांचं काय सांगावं! त्यांनी काटा बघायला किल्ली फिरवली आणि टाकीत खरंच पेट्रोल किती आहे ते पाहावं म्हणून मागे जाऊन झाकणाचं कुलूप उघडलं.

फुस्सऽऽऽ!

आणि त्याबरोबर चाकापाशी गप्प बसलेला पंप एकदम टकटकटकटक करत कामाला लागला, काही वेळानं दोन्ही कुंड्या भरून समाधानानं थांबला. चहाचा कप घेऊन दारात आलेल्या बापूंनी हे ऐकलं. त्यांचा कान नळीनं तयार झालेला. त्यांना दुसऱ्यांदा ऐकायची गरज पडली नाही.

टाकीतून पेट्रोल निघालं की तेवढी हवा आत जायला हवी. गाडीच्या मूळ झाकणाला त्यासाठी बारीक वाट असते. नव्या चकचकीत झाकणाला ती नव्हती. पंप पेट्रोल ओढायचा, टाकीत पोकळी व्हायची, पंप थकायचा, गाडी बंद. थांबली की कुठूनतरी झिरपत हवा शिरायची, गाडी सुरू. टाकी गळ्यापर्यंत भरली की वर हवेला जागाच नाही, मग पोकळी अधिक लवकर. बाप्पा तिसऱ्या मैलावर का थांबले ते आता कळलं. आणि घरासमोरच्या परीक्षेत पंप ठणठणीत, कारण मिनिटभरात पोकळी होतेच कुठे? गाडी बंद पडली की बापू पुढे धावत, बोनेटकडे. डिकीच्या बाजूला कुणी फिरकलं नाही. वायरमनही नाही.

वही काढण्यात आली. पहिल्या बिघाडाच्या नोंदीच्या आधीच्याच पानावर बापूंच्या सुवाच्य अक्षरात होतं: 'पेट्रोलचोरांच्या भीतीने नवीन झाकण बसवले. कुलूपवाले. झकास.'

दोघे बराच वेळ काही बोलले नाहीत. कार्बोरेटर निर्दोष सुटला होता आणि वीजही. अखेर बापूंनी घसा साफ केला. "म्हणजे पेट्रोलचाच बिघाड होता," ते म्हणाले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"काट्याची वायर सैल आहेच," वायरमन म्हणाले.

वहिनी खिडकीत होत्या. "अहो, त्या शिलिंग बाईंनी भोक पाडून लढाई जिंकली म्हणता," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही भोक बुजवून बसला होतात."

जुनं झाकण गॅरेजच्या फळीवर होतं. ते बसलं. त्यानंतर गाडी बंद पडेनाच. बापूंनी वहिनींना स्ट्रॅटफर्डला नेऊन आणलं. गेडनच्या मोटार संग्रहालयात नेऊन आणलं. वहिनींनी चालायचे बूट कपाटात ठेवले आणि हौसेनं गॉगल घेतला.

बापूंचं मात्र काही खरं दिसेना. सकाळी आठाआठाला उठायला लागले. मंडळाच्या कोजागरीला एका नव्या मुलानं विचारलं, "काका, गाडी कशी आहे?" जुनी माणसं सवयीनं बशा घेऊन उठली. बापू म्हणाले, "छान आहे." आणि दूध पीत बसले. सगळे उभ्याउभ्या थबकले. गेल्या कित्येक वर्षांत बापूंनी दूध गरम असताना प्यायलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वायरमन तर दोनदा येऊन 'प्रकृती बरी आहे ना' विचारून गेले, आणि दोन्ही वेळा त्यांचा रोख गाडीवर होता का बापूंवर, ते वहिनींना कळलं नाही.

मग लेस्टरहून फोन आला. मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीचा एक डॉक्टर. त्यानं नुकतीच जुनी ट्रायम्फ स्पिटफायर घेतली होती. मी त्या वेळी बापूंच्या समोरच बसलो होतो. ते फोन कानाला लावून नुसतं "हं... हं..." करत होते. मग पाठ ताठ झाली. चष्मा निघाला, शर्टाचं टोक वर आलं.

"गचके खाते? कधी, थंड असताना का तापल्यावर? ...चढावर. हं. ...काळा धूर? ...दोन कार्बोरेटर ना? एसयूच. हां." त्यांनी मला खुणेनं पेन मागितलं आणि वहीचं कोरं पान उघडलं. "हात लावू नका. काही खोलू नका. मी येतो. ...छे छे, गॅरेजला कशाला!"

फोन ठेवला तोवर वहिनी कपाटातून बूट काढत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "बापू, आधी त्यांना टाकीचं झाकण उघडून बघायला सांगायचं ना. फोनवरच मिटलं असतं."

बापूंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"झाकण शेवटी बघायचं, लेका," ते म्हणाले. "आधी कार्बोरेटर उघडू."